कुणाचा हो हा स्वेटर?

दवाखान्यात समोरच्या खुर्चीवर कुणीतरी स्वेटर विसरून गेलं होतं. शेजारच्या बाई एकेकाला विचारत होत्या, "कुणाचा हो हा?" त्या माझ्याकडे वळल्या, तशी मी मान खाली घातली.

कॉलेजात सकाळी सातला आमचा व्यापारी कायद्याचा तास असायचा. एकदा सर सापडलेल्या वस्तूचा नियम शिकवत होते. ती आपल्याच वस्तूसारखी जपायची, मालकाचा शोध घ्यायचा. उदाहरण म्हणून त्यांनी खिडकीच्या कडीला कित्येक दिवस लटकलेल्या तपकिरी स्वेटरकडे बोट दाखवलं.

"हा कुणाचा?"

तो सुनंदाचा होता. पहिली सहामाही ती माझ्या शेजारी बसली आणि दिवाळीनंतर आलीच नाही. कुणी म्हणे लग्न ठरलं, कुणी म्हणे आजारी आहे. तिचं गाव एसटीने तासाभरावर होतं, पण मी कधी गेले नव्हते. स्वेटर तिचा आहे म्हटलं असतं, तर ती कुठे आहे हेही सरांनी विचारलं असतं.

"माहीत नाही, सर," मी म्हणाले.

कायदा सापडलेल्या वस्तूची केवढी काळजी करतो. वर्गातून एक मुलगी नाहीशी झाली, तर शेजारी बसणारीवर त्याचं काहीच बंधन नव्हतं.

त्याच वर्गात झालेल्या परीक्षेत नेमका तोच प्रश्न आला. मालकाचा शोध कसा घ्यावा, हे मी पानभर लिहिलं. मध्येच मान वर केली, तर कडी रिकामी होती. शिपाईकाका फळ्यावर लिहिलेली मघाची वेळ पुसत होते, हाताला तपकिरी बाही गुंडाळून.