एका पायाचा बूट

मी लेखिका नाही. पन्नाशी उलटल्यावर स्वतःविषयी लिहायला बसणे हे माझ्यासारखीला शोभत नाही. या धारिष्ट्याबद्दल क्षमा असावी. परंतु दोन शब्द मला स्वस्थ बसू देत नाहीत.

“चालून दाखवा.”

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतील आमच्या कारखान्यात, सकाळच्या सुरक्षा बैठकीत, सगळ्या पाळीसमोर व्यवस्थापक म्हणाले. मी तिथल्या प्रयोगशाळेत रसायने तपासते. कमरेच्या शस्त्रक्रियेनंतर माझ्या उजव्या पायाचा पंजा लुळा पडला होता. मी जमिनीवरच्या पिवळ्या पट्ट्यावरून चालले. गुडघा उंच, मग बुटाचे टोक जमिनीवर. सप्प. सप्प.

“बघा, कोंबडी चालली! उद्या ॲसिडच्या बाटलीसकट पडेल. मॅडम, राजीनामा द्या, घरी बसा,” व्यवस्थापक साहेब म्हणाले.

हशा. मीही हसले. ते हसणे अजून तोंडात कडू आहे.

पंजा वर धरणारा प्लास्टिकचा स्प्लिंट डॉक्टरांनी दिला होता. तो घातला की कंपनीचा बूट पायात शिरत नसे, आणि त्या बुटाशिवाय गेटमधून सोडत नसत. म्हणून मी स्प्लिंट पिशवीत ठेवून नियम पाळत होते. नियम पाळून लंगडत होते. एका पायाला मोठा बूट मागितला. कंपनीच्या स्टोअरचे उत्तर: “जोडीच मिळते, एकाच मापाची. बाहेरचा चालणार नाही.”

घरी, सालवडला, व्यायाम चालूच. टाच जमिनीवर, पंजा वर. जात नसे. शिरगावहून आलेली आई समोर बसून पायाकडे टक लावी. एका दुपारी ती ओरडली, “हालला गो, अंगठा हालला! माज्या डोळ्यांनी बगितला!”

केसभर हालला होता. मला रडू आले नाही, राग आला. जो पाय इतका झगडत होता, त्याचा मी तमाशा होऊ दिला होता.

पुढच्या बैठकीत साहेब पुन्हा म्हणाले, “काय, सुधारणा? दाखवा चालून.”

“नाही.” मी उभी राहिले. “मी हातांनी काम करते, साहेब. त्यात चूक असेल तर दाखवा. आणि मला वेगवेगळ्या मापांचे दोन बूट हवेत.”

“दीदी, बैठ जाओ,” शेजारचा ऑपरेटर कुजबुजला.

मी बसले नाही.

बूट अजून मिळालेला नाही. पंजाही पुरता उचलत नाही. कदाचित उचलणारही नाही. उद्यापासून मी स्प्लिंट घालूनच गेटवर जाणार. आत सोडले नाही, तर सगळी पाळी आत जाईपर्यंत तिथेच, सगळ्यांसमोर उभी राहणार. राजीनामा देणार नाही.

तुमच्या कामाच्या ठिकाणी एखाद्याच्या शरीराचे असे हसे होते, तेव्हा तुम्ही काय करता?