मागचं दार असलेली तोफगाडी

आमच्या समोरच्या दारात राहणाऱ्या गृहस्थांना अख्खी इमारत तोफकाका म्हणते. धंद्यानं सुतार. जिन्याचा कठडा, माझ्या स्वयंपाकघरातल्या फळ्या, खालच्या दवाखान्यातलं बाकडं, सगळं त्यांच्याच हातचं. बाकडं पहिल्या दिवसापासून हलतं. काका म्हणतात, जमीन वाकडी आहे.

पण त्यांना सुतारकाका म्हटलेलं खपत नाही. तरुणपणी ते लढाईवर होते, विमानं पाडणाऱ्या तोफगाडीवर, आणि ही हकिगत ज्यानं ऐकली नाही असा माणूस इमारतीत शोधून सापडायचा नाही. भाड्यानं घर बघायला आलेले लोकसुद्धा ती ऐकून गेलेत. काही त्यामुळेच गेले, असं माझं मत आहे. चार नळ्यांची गाडी, खाली रणगाड्यासारखे पट्टे, मागच्या बाजूला बुटकं दार. विमानाची घरघर आली की वाकून त्या दारानं आत शिरायचं. शिरताना काका आमच्या बैठकीत खरोखर वाकायचे आणि उठताना कंबर धरायचे.

डावा कान त्या तोफेनंच नेला, असं ते सांगत. म्हणून त्यांच्याशी बोलायचं तर उजवीकडून. काकूंना मनातलं खरं बोलायचं असलं की त्या डावीकडे बसतात. आमचा संसार त्या कानावर तरलाय, असं त्यांनी मला एकदा भाजी निवडताना सांगितलंय. कुणाला सांगू नका म्हणाल्या होत्या, म्हणून मी फक्त तिसऱ्या मजल्यापर्यंतच सांगितलं.

अशा घरात सून आली तीही नेमकी युद्धाचे खेळ बनवणाऱ्या कंपनीतली. संगणकावरचे खेळ. जगभरातली माणसं आपापल्या खोलीत बसून त्यात एकमेकांची विमानं पाडतात आणि मग जेवायला जातात. सूनबाईचं काम त्यातली चित्रं काढायचं. त्या खेळाचा डौल असा की प्रत्येक गाडी इतिहासात होती तशीच्या तशी, अगदी खिळ्यापर्यंत. खेळणारेही तसलेच किडे. दिवसभर माणसं मारतील, त्याचं काही नाही. पण खिळा एक बोट सरकला की कंपनीच्या नावानं शिमगा.

सूनबाई तोवर खेळातली झाडं आणि दगड काढायची. मग तिला पहिली गाडी मिळाली, आणि मिळाली ती हीच, चार नळ्यांची. तिचे आराखडे कुठल्याशा आगीत गेलेले. हाती काय, तर शत्रूच्या विमानातून काढलेला एक धुरकट फोटो. पण घरात जिवंत साक्षीदार असताना पोरगी कशाला घाबरते? जेवणाच्या टेबलावर काकांनी काड्यापेट्या रचून गाडी उभी केली. दार केवढं, नळी केवढी, ते हात पसरून दाखवलं. सूनबाईनं सासऱ्याच्या हातांना टेप लावला. सगळं त्या फोटोशी तंतोतंत जुळलं. फोटोत गाडीच्या मागे काळा चौकोन होता, तेच ते दार. खेळात गाडीखाली ओळ आली की ही माहिती त्या गाडीवर लढलेल्या सैनिकानं दिली आहे. काकांनी ती ओळ मला वाचून दाखवली, दूधवाल्याला वाचून दाखवली, मीटर बघायला आलेल्यालाही सोडलं नाही.

गाडी खेळात उतरली त्याच्या दुसऱ्या दुपारी मी त्यांची चाळणी परत करायला गेले. म्हणजे चाळणी निमित्त. भर दुपारी सूनबाईच्या चपला दाराशी दिसल्या होत्या, आणि कामाच्या दिवशी दारात चपला दिसल्या तर शेजाऱ्यानं विचारपूस करू नये का?

पोरीचा चेहरा पांढराफटक. परदेशात जुन्या गाड्यांचं संग्रहालय सांभाळणाऱ्या कुणा माणसानं खरीखुरी गाडी धुंडाळून तिचा फोटो पाठवला होता. गंजलेली, पण धड. मागं दारबीर काही नाही. मागं इंजिन. खाली त्यानं एवढंच विचारलं होतं, की तुमची गाडी चालते कशावर? बाकी हसायला हजारो जमलेच होते. वरच्या साहेबानं सांगून टाकलं होतं की संध्याकाळपर्यंत पुरावा दे, नाहीतर गाडी काढून टाकतो आणि तू परत दगडांवर.

काका चहा पीत होते. सूनबाई त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन बसली.

"बाबा, मागं दार होतं, तर इंजिन कुठे होतं?"

दूरच्या नातेवाइकाचं नाव ऐकावं तसं काकांनी ऐकलं. कप बशीत ठेवला, बशी टेबलावर ठेवली.

"इंजिन नव्हतं," ते म्हणाले.

"मग गाडी हलायची कशी?"

"चौघं उचलायचो."

चाळणी द्यायची सोडून मी ती हातात धरून खुर्चीच ओढली.

मग हळूहळू बाहेर आलं. काका सैन्यात सुतार म्हणूनच भरती झाले होते. त्यांच्या तुकडीचं काम खोट्या गाड्या करायचं. लाकडी सांगाडा, वरून रंगवलेली ताडपत्री, नळ्यांच्या जागी पाण्याचे पाइप. खऱ्या तोफा झाडीत दडवायच्या आणि या उघड्या माळावर मांडायच्या, म्हणजे बॉम्ब पडायचे ते यांच्यावर पडतील. मागचं दार आतल्या फळ्या ठोकायला ठेवलेलं.

काकू उभ्याच होत्या. त्यांनी विचारलं, म्हणजे तुम्ही एकही गोळी झाडली नाही? काका म्हणाले, एकही नाही. इतक्या वर्षांची ती घरघर, ते वाकणं, ती कंबर, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं आणि मला हसू फुटलं. तोंडावर धरायला हाताशी चाळणीच होती. तिच्यातून काय लपणार.

तेवढ्यात काकू सासूच्या नात्यानं नाही, अगदी नव्या नवरीच्या आवाजात म्हणाल्या, "मग कान?"

माझं हसू तिथंच थिजलं. कान तर खरा होता. तोफ खोटी होती आणि कान खरा होता.

"विमानं आमच्यावरच यायची ना," काका म्हणाले. "नुसती गाडी मांडून भागत नाही. वरून माणसं हलताना दिसावी लागतात. मग दोघांनी तिथं राहायचं. इकडून तिकडं पळायचं, दार उघडायचं, लावायचं. विमान खाली झुकलं की चरात उडी. मी आणि माझा जोडीदार."

काका सांगत राहिले. त्या दिवशी वारा फार होता. एक पाइप सारखा हलत होता. पोलादाची नळी वाऱ्यानं हलते का कधी? विमानातल्याला कळलं असतं. जोडीदार म्हणाला, आलोच धरून. काका चरात पोहोचले. तो पाइपाशीच राहिला.

"त्याच्या आईला भेटायला गेलो," काका म्हणाले. "तिनं विचारलं, माझा मुलगा कशावर होता? ताडपत्रीच्या गाडीचा पाइप धरायला गेला, असं सांगू तिला? मी म्हणालो, तोफेवर होता. ती म्हणाली, आणि तू? मी म्हणालो, त्याच्याच शेजारी. मग ते तसंच राहिलं."

सूनबाईनं तो धुरकट फोटो पुन्हा काढला. आता आम्ही तिघीही त्यात डोकं घालून. इतके दिवस सगळ्यांनी गाडी पाहिली होती. जमीन कुणी पाहिलीच नव्हती. एवढी अवजड गाडी, तर मागं पट्ट्यांचे वळ हवेत. वळ नव्हते. माळावरून एक पायवाट येत होती, बस्स. ज्यानं वरून हा फोटो काढला, तो फसला होता. त्याच्या मागून आपण सगळे फसलो होतो. गाडीच्या बाजूला दोन ठिपके होते. मी त्यांना फोटोवरचे डाग समजले होते. काकांनी एकावर बोट ठेवलं. दुसऱ्यावर ठेवलं नाही.

साहेबाचा फोन आला तेव्हा सूनबाईनं ठरवलं होतं की चूक माझीच म्हणून मोकळं व्हायचं. दगड तर दगड. सासऱ्याची आयुष्यभराची बढाई जगासमोर उघडी करायला तिची जीभ रेटेना. पण काकांनी फोनवर हात ठेवला.

"तुझं काही चुकलं नाही. गाडी बरोबर काढलीस. ती कुठली, तेवढं खरं लिही."

काकू म्हणाल्या, लोक काय म्हणतील? आणि दोघांनी एकदमच माझ्याकडे पाहिलं. इतका अविश्वास बरा नव्हे. मी तर दुसऱ्या मजल्याच्या वर गेलेच नाही.

गाडी खेळात राहिली. आता ती गोळी झाडत नाही, जागची हलत नाही. शेजारी दोन माणसं पळत असतात. वैमानिकानं तिच्यावर बॉम्ब टाकला की त्याचे बॉम्ब संपतात आणि पदरात काही पडत नाही. संग्रहालयवाल्यानं लिहिलं, अशी गाडी मी आजवर पाहिली नव्हती. सूनबाईला पुढची गाडी मिळाली. काका हल्ली कुणाला हकिगत सांगत नाहीत. विचारलं तर सांगतात, तीही बसून.

परवा एका खेळाडूची तक्रार आली: चारपैकी एक नळी वाऱ्यानं हलते, निदान एवढं तरी दुरुस्त करा. सूनबाईनं ती काकांच्या उजव्या कानाशी वाचली.

"लिही त्याला," काका म्हणाले, "दुरुस्त करायला एक जण गेला होता."

तिनं ते जसंच्या तसं पाठवलं. नळी अजून हलते.