चार जीबीत न मावलेला फेटा

मला लिहायची सवय नाही. पण आमच्या शेजारच्या देवरामला इंदिरानगरात सगळेच ओळखतात, तेव्हा माझं काही चुकलं तर कोणीतरी दुरुस्त करीलच.

पाथर्डीकडे देवरामचा झेंडूचा आणि शेवंतीचा मळा होता. सकाळी फुलबाजार करायचा आणि दुपारी लोकांच्या खोड्या काढायच्या, हा त्याचा दिनक्रम. खोडी काढताना चेहरा मात्र असा, की वाटावं देव्हाऱ्यासमोरच बसलाय.

ही गोष्ट २००८ सालची. त्याची मुलगी सरिता इगतपुरीला दिलेली. तिचे सासरे सावळीराम रेल्वेतून निवृत्त झालेले, डोक्याला टक्कल आणि मानाला फार जपणारे. लग्नात आपल्याला फेटा बांधलाच नाही, असं ते तीन वर्षं म्हणत होते. देवराम म्हणे, बांधला. शेवटी सावळीरामांनी देवरामचा उंबरा न ओलांडण्याची शपथ घेतली. आता नातवाचं जावळ मामाच्या मांडीवर, म्हणजे देवरामच्या घरी काढायचं होतं, आणि आजोबा आल्याशिवाय सरिता बाळाला आणणार नव्हती. देवरामची बायको नवसाबाई रोज भांडी आपटत होती.

"लग्नाची शूटिंग हाय ना! दाखवतो त्यांना," देवराम म्हणाला.

सीड्यांवर ओरखडे पडले होते. म्हणून शूटिंगवाल्याने सगळं लग्न एका फाइलमध्ये काढून दिलं. देवरामच्या नव्या डीव्हीडी प्लेयरला पेनड्राइव्ह लावायची सोय होती. मला घेऊन तो सुनीलच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेला आणि शेवंती जोखावी तसे पेनड्राइव्ह तळहातावर जोखू लागला.

"हा लय हलका. ह्यात लग्न काय मावणार? जड दाखव."

"काका, वजनावर नसतं ते. आठ जीबीचा घ्या."

घेतला. सुनीलने लग्न भरून दिलं, पण घरी प्लेयर काही तो ओळखेना. परत दुकानात गेलो. सुनीलने जीभ चावली.

"माझीच चूक. फाइल मोठी म्हणून मी एनटीएफएसमध्ये फॉरमॅट केला. घरातले प्लेयर ते वाचत नाहीत, त्यांना फॅट थर्टीटू लागतं. पण त्यात चार जीबीपेक्षा मोठी फाइल जात नाही. तुमचं लग्न साडेपाचचं आहे, तुकडे करावे लागतील. आणि फॉरमॅट केलं की आतलं सगळं पुसलं जातं हं."

"आमच्या व्याह्यांच्या डोक्याचं करतोस का? तेवढंच राहिलंय."

कुठे कापायचं ते बघायला सुनीलने लग्न भराभर पुढे सरकवलं. फेटे बांधण्याची रांग आली. सावळीरामांची पाळी आली आणि फेटे संपले. शेजारी देवराम उभा, डोक्यावर तुरेदार केशरी फेटा.

देवरामने ते पाहिलं. मग त्याचा तो देव्हाऱ्यासमोरचा चेहरा आला.

"सुनील, ह्याच्या आधी काप. दुसरा तुकडा मंगलाष्टकांपासून धर."

"आणि मधलं?"

"मधलं मावत नाय."

"दोन तुकड्यांत सगळं मावतंय की, काका."

"मावत नाय म्हणलं ना! अण्णा, सांगा त्याला."

मी काउंटरवरचे पेनड्राइव्ह मोजू लागलो. शेवटी सुनीलने सांगितलं तसं कापलं.

रविवारी सावळीराम आले. देवरामच्या घरात पाय ठेवायचा नाही म्हणून प्लेयर आमच्याकडे आणला होता. पहिला तुकडा हळदीपासून सुरू झाला आणि फेट्यांच्या तोंडाशी संपला. देवरामने हात जोडले.

"काय करणार, व्याही! नेमका फेटाच मशीनला जड झाला."

"देवरामभाऊ, मी रेल्वेत होतो. मधलं स्टेशन गाळलं तरी गाडीत कोण बसलंय ते पुढच्या स्टेशनावर दिसतंच. चालवा पुढे."

मंगलाष्टकं सुरू झाली. सगळीकडे केशरी फेटे, आणि मधोमध शूटिंगच्या दिव्याखाली सावळीरामांचं टक्कल लखलखतंय. त्यावर अक्षता पडत होत्या आणि घसरत होत्या.

"थांबवा," सावळीराम म्हणाले. मी घाबरून बटण दाबलं. चित्र नेमकं टकलावर थांबलं.

"हे बरं मावलं?"

"फेट्याशिवाय हाय ना, हलकं पडलं," देवराम म्हणाला.

स्वयंपाकघरातून आमच्या हिचं हसू फुटलं. सावळीरामांच्या मिशा थरथरल्या, रागाने की कशाने ते मला कळलं नाही. देवरामने मान खाली घातली.

"कमी पडला, व्याही. शेवटचा माझ्याच डोक्यावर होता. काढून द्यायला पाहिजे होता. चारचौघांत बोडक्या डोक्याने उभं राहायची लाज वाटली."

"आणि मी राहिलो तो?"

देवराम उठला, घरी गेला आणि तोच फेटा घेऊन आला. त्याला बांधता कुठे येतोय! डोक्याला खोक पडल्यावर पट्टी बांधावी तसं काहीतरी झालं. सावळीरामांनी आमच्या कपाटाच्या आरशात बराच वेळ पाहिलं.

"वाजतगाजत नेत असाल तर येतो."

आता बँडवाले कुठून आणायचे? देवरामने लग्न पुढे नेऊन वरातीवर लावलं, आवाज पूर्ण वाढवला आणि खिडक्या उघडल्या. बँडच्या तालावर सावळीराम निघाले. देवरामच्या दारात नवसाबाई ओवाळणीचं ताट घेऊन उभ्या होत्या. व्याह्यांनी उंबऱ्यावरून पाय उचलला आणि बँड बंद पडला. तुकडा संपला होता.

पाय हवेतच राहिला. "वाजवा!"

"अण्णा, पळा!"

मी धावत परत आलो. प्लेयर पहिल्या तुकड्यावर गेला होता. बटण दाबलं तर हळदीची गाणी सुरू झाली.

"हे नको, बँड पाहिजे!" तिकडून आवाज आला.

चष्मा सापडेना, रिमोटवरचं वाचता येईना. मी बटणांमागून बटणं दाबत होतो आणि शेजारच्या दारात व्याही देवरामच्या खांद्याला धरून एका पायावर उभे होते. अखेर बँड लागला, आणि पाय आत पडला.