काच स्वच्छच होती

लॅबमधला कचरा रोज संध्याकाळी उचलला जातो. किस्से तेवढे कोणी उचलत नाही, ते साचतात. पीएचडी सोडून मला वर्ष झालं, तरी कोणी ‘का सोडलीस?’ विचारलं की एकामागं एक निघतातच.

*

पहिल्याच दिवशी आमच्या गाईडसरांनी रोगाशी लढणारी पेशी करून दाखवली. स्वतःच! खुर्चीत अंग चोरून बसले. “ही शांत पेशी. गोल. जंतू आला की वरच्या आवरणावर निरोप येतो, तो आत जातो, आणि...” सर उठले, हातपाय फाकले. “ती आतला अख्खा सांगाडा मोडते, नवा बांधते, मायक्रोस्कोपखालच्या काचेवर पसरते. काही मिनिटांत. तुम्हाला साधा अर्ज लिहायला आठवडा लागतो.”

तेवढ्यात त्यांचा चहा माझ्या वहीवर सांडला. पुसला मीच.

*

या पेशी यायच्या कुठून? आमच्या दंडातून. दर शुक्रवारी लॅबचे टेक्निशियन हणमंतमामा आम्हा विद्यार्थ्यांचं रक्त काढायचे.

“सर, तुमचं कधी?” मी विचारलं.

“मला शुगर आहे रे,” सर म्हणाले. तोंडात पेढा होता.

रक्त देणाऱ्यानं आधी फॉर्म भरायचा असतो. ताप आहे? खोकला आहे? वजन घटलंय? आमच्याकडे सगळीकडे ‘नाही’ लिहूनच झेरॉक्स काढून ठेवलेल्या. आपण फक्त सही ठोकायची. मीही ठोकली, न वाचता.

*

वळसंगची शिवलीला माझ्याबरोबरची. तिचं रक्त सरांचं लाडकं. जंतूचा निरोप न देता काचेवर ठेवलेल्या तिच्या पेशी कशा, तर नवी पेठेतल्या सराफाकडच्या मोत्यांसारख्या गोल. एका शुक्रवारी मात्र त्या कोणी न छेडताच पसरल्या.

“काच नीट धुतली नाहीस,” सर म्हणाले.

तिनं पुन्हा धुतली. पुढच्या शुक्रवारी तेच. तिसऱ्या शुक्रवारी सरांनी त्या पेशींचे फोटोच डिलीट केले. “असला डेटा ठेवायचा नसतो.”

*

“सर, ही पोरगी लई वाळलीया,” हणमंतमामा एकदा म्हणाले. “संध्याकाळी अंगबी गरम लागतंय की.”

“मामा, तुम्ही सुईचं बघा.”

मामांनी सुईचं बघितलं. तिच्याच दंडात. नंतर मी त्यांना गाठलं. “दिसत होतं, तर काढलं कशाला?”

“सायबापुढं आपुन काय बोलायचं?”

पस्तीस वर्षं नोकरी केलेला माणूस हे बोलत होता.

*

मग मी एकाच दिवशी धुतलेल्या दोन काचांवर माझ्या आणि शिवलीलाच्या पेशी ठेवल्या. माझ्या गोल. तिच्या पसरलेल्या. खोकत खोकत ती मायक्रोस्कोपमध्ये बघत राहिली. “म्हणजे काच नाही रे. मीच.”

तसाच तिला गाडीवर बसवून दवाखान्यात नेलं. एक्स-रे, थुंकीची तपासणी. टीबी.

*

रिपोर्ट घेऊन मी सरांच्या केबिनमध्ये गेलो. “सर, काच स्वच्छच होती.”

सरांनी रिपोर्ट दोनदा वाचला. चष्मा काढला, डोळे पुसले. मला वाटलं, माणूस हलला. त्यांनी माझ्यासमोरच तिला फोन लावला, स्पीकरवर.

“कशी आहेस बाळ? गोळ्या सुरू झाल्या का?”

“उद्यापासून, सर.”

“मग आजच रक्ताची एक ट्यूब देऊन जा. आणि फॉर्मचं टेन्शन घेऊ नको. तो भरलेलाच आहे.”