दोन बोटं सैल

"ह्याला बसवा," असं म्हणायचे आणि टेबलावरचं एखादं बटण तर्जनीनं हळूच कडेला सारायचे. तेवढ्यानं त्या गड्याचा निकाल लागलेला असे. मग तो गडी समोर दारात उभा असला तरी त्याला कुणी विचारत नसे.

त्यांना सगळी गल्ली आप्पा म्हणायची. ते शिंपी होते. निपाणीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक मशीन, एक फळीचं टेबल आणि काजं करायला मी. शिंप्याच्या टेबलावर कापड असायला हवं असं तुम्हाला वाटेल. कापड मशीनवर असे, माझ्या मांडीवर असे, कधी कधी जमिनीवरही असे. टेबल मात्र हुतुतूसाठी राखून ठेवलेलं होतं. त्यावर आमच्या गल्लीचा संघ बटणांनी मांडलेला असायचा. कोटाचं काळं बटण म्हणजे आमचा म्होरक्या. पांढरी साधी बटणं म्हणजे पकडीचे गडी. आणि शिंपल्याचं एक चकचकीत बटण होतं, ते केरबाचं. संघात मीही होतो. माझं बटण टेबलाच्या कडेला, खडूच्या तुकड्याशेजारी कायमचं पडलेलं असे. ते कधीतरी मध्ये सरकेल म्हणून मी काही वर्षं वाट पाहिली, मग नाद सोडून दिला.

आप्पा स्वतः आयुष्यात एकदाही मैदानात उतरले नव्हते. पायानं थोडे अधू होते. पण मतं विचाराल तर कधी संपायची नाहीत, आणि प्रत्येक मताला टेपचा आधार. कुणाचा गुडघा दुखावला की त्याला दुकानात बोलवायचे, दोन्ही मांड्यांना टेप लावायचे आणि मान हलवायचे. "डावी मांडी उतरलीया. ह्याला बसवा." एका गड्याचं लग्न झालं आणि तो महिनाभर सासरवाडीला राहून आला. आप्पांनी त्याची कंबर मोजली आणि टेप खाली टाकली. "ह्येला पकडीत घेऊ नका, ह्यो लोळल."

त्यांची मतं बरोबर ठरायची असं मात्र समजू नका. एकदा त्यांनी म्होरक्यालाच मांडी उतरली म्हणून बसवायला लावलं आणि आम्ही सपाटून मार खाल्ला. सामना संपल्यावर म्होरक्या त्याच पायानं आप्पांच्या दुकानापर्यंत पळत आला, भांडायला. आप्पांनी शांतपणे सांगितलं, "मैदानात खडे लई हुते." चूक कबूल करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. म्हणून पुढं जे झालं ते मला जास्त लागलं.

केरबा आमचा चढाईचा गडी. हुतुतूत दम तोडायचा नसतो. एका श्वासात "हुतुतू" म्हणत समोरच्यांच्यात घुसायचं, कुणाला तरी शिवायचं आणि श्वास तुटायच्या आत मधली रेघ गाठायची. केरबाचा दम इतका लांब की समोरचे गडी त्याच्या तोंडाकडे बघत राहायचे आणि तो त्यांना शिवून निघून यायचा. आणि अंगानं म्हणाल तर काडी. आप्पांना याचंच मोठं नवल. दर दसऱ्याला त्याच्या सदऱ्याचं माप घेताना ते टेप दोनदोनदा लावून बघायचे.

"साडेबत्तीस," मला म्हणायचे. "एवढ्याशा छातीत मावतंय कुठं रं ह्येचं वारं?"

केरबा हसायचा. त्याची आई विड्या वळायची. बाप लहानपणीच गेलेला. आईला तो एकुलता एक होता, आणि आप्पांना पोरबाळ नव्हतं, हेही सांगून ठेवतो. तुम्ही त्यातून काय समजायचं ते समजा.

मग एका वर्षी चिकोडीच्या एका व्यापाऱ्यानं केरबाला उचललं. त्याला आपल्या संघासाठी चढाईचा गडी हवा होता. त्यानं केरबाला आपल्या तंबाखूच्या वखारीत काम दिलं आणि जत्रेतला सामना चिकोडीकडून खेळायचा असं ठरवून घेतलं. अशी पळवापळवी आमच्याकडे नेहमीचीच होती. आम्हीही मागं एक गडी संकेश्वरहून फितवून आणला होता, तेव्हा आप्पांनी त्याला फुकट चड्डी शिवून दिली होती. पण केरबा गेला तेव्हा त्यांनी शिंपल्याचं बटण उचललं आणि फुटक्या बटणांच्या डब्यात टाकलं.

"इकला गेला," एवढंच म्हणाले.

"आप्पा, पोटासाठी गेला तो," मी म्हणालो.

"पोटासाठी जाऊ दे की. पन आमच्यावर चढाई करणार न्हवं आता?"

पुढं जेव्हा जेव्हा केरबा सुटीला घरी यायचा, तेव्हा दुकानावरून जाताना हाक मारायचा. आप्पा मशीन जोरात फिरवायचे. वखारीतल्या धुळीनं त्याला खोकला लागला होता. तो खोकत पुढं गेला की आप्पा मशीन थांबवून मला म्हणायचे, "ऐकलंस? दम खाल्ला त्येचा तंबाखूनं." बोलण्यात राग असायचा, पण ते बराच वेळ रस्त्याकडे बघत बसायचे.

ते दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. जत्रेच्या थोडे दिवस आधी निपाणीत भरतीवाले आले. शाळेच्या पटांगणात रांग लागली. त्यांचा माप घेणारा माणूस तापानं पडला होता, म्हणून त्यांनी गावातला शिंपी बोलावला. आप्पा टेप गळ्यात घालून गेले आणि आकडे मोठ्यानं सांगायला मला बरोबर घेतलं. छाती तेहतीस इंचांपेक्षा कमी भरली की पोराला परत पाठवायचं, असा हुकूम होता. आप्पांनी सकाळपासून कितीतरी पोरं परत पाठवली. टेप अशी घट्ट ओढायचे की पोरं कण्हायची. आपल्या हातात सरकारचा कारभार आलाय असं त्यांना वाटत होतं. मला हसू येत होतं.

दुपारी रांगेत केरबा दिसला. वखारीच्या धुळीला कंटाळून तो भरतीला उभा राहिला होता. सदरा काढून समोर आला आणि हळूच म्हणाला, "आप्पा, बसंल का?"

तुम्ही कधी कोट शिवायला टाकला असेल तर आठवेल. शिंपी छातीचं माप घेताना टेपच्या आत आपली दोन बोटं घालतो. कापड अंगाला सैल बसावं म्हणून ती जागा. सकाळपासून आप्पांनी एकदाही बोटं आत घातली नव्हती. केरबाच्या छातीला टेप लावताना घातली.

"चौतीस," ते म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघितलं. मग मीही मोठ्यानं तेच म्हणालो.

मला वाटलं, राग विसरले, पोराचं भलं केलं. घरी परतताना ते इतके खुशीत होते की त्यांचा अधू पायही नीट पडत होता. गल्लीच्या तोंडाशी थांबून त्यांनी मला खरं ते सांगितलं. "आता ह्येला बेळगावला न्हेत्याल. थितं परत मोजत्याल. साडेबत्तीस भरली की घरला लावून देत्याल. तवर जत्रा हून जाईल. चिकोडीचा गडी बसवला का न्हाय?"

आणि हसत हसत त्यांनी हवेतच एक बटण कडेला सारलं.

जत्रेतला सामना आम्ही जिंकलो. आप्पांनी सगळ्यांना गुळाचा खडा दिला. दुकानात येऊन फुटक्या बटणांचा डबा उपडा केला, त्यातून शिंपल्याचं बटण शोधलं, पुसलं आणि टेबलावर, पण जरा लांब ठेवलं. "येतोय बघ आता दोन दिसांत. चिकोडीवाला काय त्येला परत घेत न्हाय. आपलाच हाय."

दोन दिवस गेले, आठवडा गेला. मग केरबाची आई दुकानात आली. पदराखालून भुईमुगाच्या शेंगांची पिशवी काढून तिनं टेबलावर ठेवली. म्हणाली, "आप्पा, पलटणीत घेतलं त्येला. तुम्ही माप बसिवलंसा म्हणून झालं बगा. तुमचं उपकार."

आप्पांच्या हातातली कात्री तशीच राहिली. पलटणीलाही आपल्यासारखा अर्ध्या इंचाचा सोस असेल असं ते धरून चालले होते. पण तिकडं माणसं हवी होती. छाती कुणी परत मोजलीच नाही.

दुसऱ्या दिवशी ते बेळगावला गेले. मला घेऊन गेले. छावणीच्या फाटकावर उभ्या असलेल्या शिपायाला त्यांनी सांगितलं की निपाणीचा एक पोरगा मापात चुकलाय, त्याला सोडा, चूक माझी आहे. शिपायाला आधी काहीच समजेना. समजलं तेव्हा तो हसायला लागला आणि आत जाऊन आणखी दोघांना बोलावून आणलं. आप्पांनी त्यांनाही तेच सांगितलं. शेवटी एकजण म्हणाला, "शिंपी आहात ना? मग गणवेश शिवायला या. इथं पुष्कळ काम आहे."

केरबा एकदा रजेवर आला. खाकी सदरा त्याला खांद्यावरून उतरत होता. आप्पांनी तो काढायला लावला आणि उसवून पुन्हा नेमका शिवला. केरबा सांगत होता की पलटणीतसुद्धा तो हुतुतू खेळतो आणि खोकला पार गेलाय. आप्पा "व्हय, व्हय" करत होते. निघताना केरबानं टेबलावर बघितलं. त्याचं बटण अगदी मध्यभागी होतं.

"आता काय बसवत न्हाय न्हवं मला?" त्यानं विचारलं.

"जपून ऱ्हा रं," आप्पा म्हणाले.

ब्रह्मदेशातून बातमी आली ती एवढीच, की तो गेला. कुठं आणि कसा ते कुणी कळवलं नाही. गल्लीत चुली पेटल्या नाहीत.

पुढं केरबाची आई दुपारी विड्यांचं सूप घेऊन आमच्या दुकानाच्या पायरीवर बसू लागली. घर खायला उठतं, म्हणायची. आणि रोज, अगदी रोज, आप्पांना म्हणायची, "तुम्ही लई केलंसा त्येच्यासाठी. चार दिस पोरगं रुबाबात ऱ्हायलं." आप्पा मशीनवर वाकून बसायचे. ते वाळत चालले होते. मी त्यांना एकदा म्हणालो, की तिला सांगून आता काय होणार आहे, राहू दे. त्यांनी ऐकलं नाही.

एका दुपारी त्यांनी मशीन थांबवलं.

"आक्का, केरबाची छाती भरत नव्हती. मी टेपीत दोन बोटं घातली. त्यानं चिकोडीकडनं खेळू नये म्हणून. बेळगावात गाळत्याल आणि घरला लावून देत्याल, असं वाटलं मला."

तिच्या हातातली विडी अर्धी वळलेली होती. ती तिनं पुरी वळली, दोरा बांधला आणि सुपात ठेवली.

"हुतुतूसाठी?"

"व्हय."

आता ती ओरडेल, छाती बडवून घेईल, म्हणून मी सुई खाली ठेवली. ती उठून आत आली. म्हणाली, "खरं माप किती हुतं?"

"साडेबत्तीस."

"मला काय कळतंय त्यातलं. दावा."

आप्पांनी गळ्यातली टेप काढली आणि साडेबत्तीसवर अंगठा दाबून तिच्यापुढं धरली. तिनं टेपचं टोक घेतलं आणि त्यांच्या अंगठ्यापाशी आणून जुळवलं. टेपचं कडं झालं. त्या कड्यातल्या रिकाम्या जागेकडे ती बघत राहिली. तिनं आपला एक हात त्यात घातला, कुणाला तरी कवेत धरावं तसा, आणि काढून घेतला.

"कापा हितं," ती म्हणाली.

आप्पांनी कापलं. तिनं तो तुकडा बोटांवर गुंडाळून कनवटीला खोवला, सूप उचललं आणि गेली. पुन्हा ती आमच्या पायरीवर बसली नाही.

आप्पांनी दुसरी टेप घेतली नाही. मी आणलेली नवी त्यांनी खिळ्याला अडकवून ठेवली. उरलेल्या टेपनंच ते माप घ्यायचे. ती सुरूच साडेबत्तीसला व्हायची आणि छातीभर पुरायची नाही, त्यामुळं दोनदा लावून प्रत्येक मापात वजाबाकी-बेरीज करावी लागे, आणि ती चुके. टेपच्या आत बोटं घालणं त्यांनी बंद केलं. आमच्या गल्लीत त्या काळात निम्मी माणसं काखेत उसवलेल्या सदऱ्यांनी हिंडत होती. हळूहळू गिऱ्हाईक तुटलं. टेबलावर आता फक्त कापड असायचं. संघातली मंडळी विचारायला आली तर म्हणायचे, "मला काय इच्यारू नका." तेवढीशी टेप गळ्यात घातली की तिचा तोल राहायचा नाही, घसरायची. म्हणून ते चालताना एक हात छातीशी धरून ती दाबून ठेवायचे.

स्वातंत्र्य मिळालं तेव्हा गावात सामना ठेवला होता. आप्पा आले आणि मैदानाच्या कडेला उभे राहिले. म्होरक्या जुन्या सवयीनं जवळ गेला. "आप्पा, कुणाला बसवू?"

ते सगळ्यांच्या तोंडांकडे बघत राहिले. म्हणाले, "कुणालाच नगं."

त्या दिवशी मी पहिल्यांदा खेळलो. पहिल्याच चढाईत माझा दम तुटला आणि चौघं माझ्या अंगावर बसले. आप्पा निदान आता तरी हसतील म्हणून मी मान वर करून कडेला पाहिलं, तर ते निघून गेले होते.

त्यानंतर थोड्याच दिवसांत ते गेले. सकाळी दुकान उघडलं तर मशीनपाशीच कलंडले होते, हात छातीवर, टेप मुठीत. गल्ली जमली. कुणीतरी मुठीतली टेप सोडवायला वाकलं.

केरबाची आई दारात उभी होती. कनवटीवर हात ठेवून ती म्हणाली, "ती त्येंच्याजवळच ऱ्हाऊ द्या."

म्हणून ती टेप त्यांच्याबरोबर गेली. तिच्याजवळचा तुकडा तिच्याजवळ राहिला.