हुतूतूचा मास्तर

हुतूतू शिकवण्याचा पगार घेणारा सोलापुरातला पहिला माणूस मी. माझ्याआधी कोणी घेत असेल तर त्यानं समोर येऊन सांगावं. अजून तरी कोणी आलेलं नाही.

गुडघा निकामी होऊन तालीम सुटली, तेव्हा घरच्यांना वाटलं, आता हा कुठंतरी कारकुनीला चिकटेल. गिरणीत चिकटलो खरा, पण कारकून म्हणून नव्हे. गिरणीच्या साहेबांना कामगारांचा हुतूतूचा संघ उभा करायचा होता आणि शिकवायला पगारी माणूस हवा होता. माझे वडील शाळेत मराठी शिकवत. बातमी ऐकून म्हणाले, "हुतूतू शिकवायला पगार? उद्या श्वास घ्यायला शिकवणाराही ठेवतील!"

"तेच शिकवणार आहे, अण्णा," मी म्हणालो.

गिरणीतले गडी मला मास्तर म्हणू लागले. त्यातला एक जण सकाळी दारात येऊन "मास्तर!" म्हणून ओरडला. वडील लगबगीनं बाहेर गेले, आणि तो मला बोलावतोय हे कळल्यावर आत येऊन म्हणाले, "या घरात मास्तर एकच आहे." ते मला फार लागलं. त्यानंतर गड्यांना मी घरी येऊ दिलं नाही.

पण शिकवलं मात्र जीव ओतून. भोंगा झाला की केसांत कापसाची तुसं घेऊन सगळे गिरणीमागच्या मैदानावर जमत. हुतूतूत सगळा खेळ दमाचा. चढाई करणाऱ्यानं एका श्वासात 'हुतूतू' म्हणत समोरच्या अंगणात जायचं, गडी मारायचा आणि दम असेतो मधली रेघ गाठायची. मी प्रत्येकाच्या तोंडाशी कान नेऊन दम ऐकत असे. श्वास चोरला की माझ्या शिव्या मैदानापलीकडं ऐकू जात.

माझा सगळ्यात चांगला गडी तेलुगू विणकरांच्या घरातला. काडीसारखा बारीक, पण दम असा की ऐकणाऱ्यालाच धाप लागावी. खोट एकच. त्यांच्या घरात हाच खेळ 'चेडुगुडु' म्हणत खेळत. अंगावर गडी पडले की याची जीभ माहेरी जाई. 'हुतूतू'चं 'चेडुगुडु' होई, आणि पंच त्याला बाद देत.

"मी काय करू मास्तर, आपोआप होतं की," तो म्हणे.

मी त्याला घरच्या मागावर बसून धोट्याच्या प्रत्येक फेकीला 'हुतूतू' म्हणायला लावलं. काही दिवसांनी तो म्हणाला, "बायको विचारती, चादर विणतोय का हुतूतू विणतोय?" पण जीभ सुधारली.

अशात साहेबांनी बार्शीच्या संघाशी सामना ठरवला आणि मला बोलावून सांगितलं, "जिंकलात तर संघ राहील. हरलात तर मैदान कापसाच्या गाठी ठेवायला घेतो." म्हणजे संघही गेला आणि माझी मास्तरकीही.

पंच कोण, यावर वाद झाला. शेवटी बार्शीकरांनीच माझ्या वडिलांचं नाव सुचवलं. वडिलांनी मला स्वतःच्याच वर्गात मराठीत नापास केलं होतं, ही गोष्ट बार्शीपर्यंत पोचली होती! आमचे गडी खूश. "मास्तर, घरचाच पंच हाय की!" त्यांना काय सांगणार? ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तरी जेवण न जाणारा माणूस 'चेडुगुडु' ऐकून घेणार होता थोडाच!

सामना बरोबरीत आला आणि शेवटची चढाई आमच्या विणकराची. त्यानं एकाला पायानं शिवलं आणि वळला, तोच बार्शीच्या एका धिप्पाड गड्यानं त्याची कंबर धरली. पाठोपाठ आणखी दोघं वर पडले. ढिगाखालून 'हुतूतू' ऐकू येत होतं. हात रेघेकडं सरकत होता. आणि रेघ बोटभर अंतरावर आली असताना मी ऐकलं, 'चेडुगुडु, चेडुगुडु'. त्यातच त्याचा हात रेघेला लागला.

"बाद! बाद!" बार्शीकर ओरडले. मी लंगडत आत धावलो. "दम तुटला नाही! शब्द बदलला, दम नाही!"

"संघाच्या माणसानं रेघेबाहेर राहावं," वडील म्हणाले. माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. मी बाहेर आलो. संपलं, असंच मला वाटलं.

वडील त्या धिप्पाड गड्यापाशी गेले. "त्याचं तोंड तुझ्या कानाशी होतं. त्यानं श्वास घेतला का?"

गड्यानं आपल्या माणसांकडं पाहिलं, मग वडिलांकडं. "न्हाय गुरुजी. दम चालूच हुता. माज्या कानातच वाजत हुता की."

"मग बाद नाही," वडील म्हणाले. "खेळ श्वासाचा आहे, व्याकरणाचा नाही."

मैदान उसळलं. गड्यांनी मला उचललं, माझा गुडघा दुखत होता आणि मी त्यांना शिव्या देत हसत होतो. इतका अभिमान मला तालमीत कुस्ती जिंकूनही कधी वाटला नव्हता. बार्शीच्या त्या गड्याला मी मिठी मारली.

घरी येताना वडील म्हणाले, "हुतूतूतले दोन्ही 'तू' दीर्घ आहेत. तुझा गडी ऱ्हस्व म्हणतो."

"सांगतो त्याला."

"दम मात्र चांगला शिकवला आहेस."

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात गलका झाला. "मास्तर! ओ मास्तर!" सवयीप्रमाणं मी जागचा हललो नाही. वडील आरशासमोर दाढी करत होते. तेही हलले नाहीत.

"ऊठ की," ते म्हणाले. "मास्तरांना बोलावतायत."