सतारीचा हात

बीडच्या कचेरीत मी नक्कलनवीस होतो तेव्हाची ही गोष्ट. निजामाचं राज्य होतं, कचेरीचा सगळा कारभार उर्दूत चाले. दिवसभर बोरू धरून अर्जांच्या नकला करायच्या आणि घरी आलं की सतार घ्यायची, असा माझा दिनक्रम. गाव चकलांब्याकडचं. शेती थोरला भाऊ बघायचा. मी आणि बायको बीडला बिंदुसरा नदीच्या काठाजवळ एका खोलीत राहायचो. कुणब्याच्या घरातल्या माणसानं औत सोडून सतार धरली म्हणून गावाकडं लोक हसत. पण माझा जीव दुसऱ्या कशात रमतच नव्हता. जेवताना, चालताना, साहेबापुढं उभा असतानासुद्धा बोटं आपोआप हलत राहायची.

शिकवायला एक वयस्कर उस्ताद होते. ते स्वतः सतारीला कधी हात लावत नसत. तोंडानं बोल म्हणत, आम्ही शिष्यांनी ते वाजवायचे. चुकलं की मांडीवर डाव्या हातानं थाप मारत. एवढा मोठा उस्ताद शिष्यांपुढं कशाला वाजवील, असं आम्ही समजायचो.

एक दिवस त्यांनी मला जवळ बसवलं. "कडा गावात देशमुखांकडं शादी आहे. मला बोलावलंय. मी तुझं नाव सांगितलंय. जाशील?"

त्या क्षणापासून मला स्वस्थता उरली नाही. उजाडायच्या आत सतार, कचेरीतून आलं की सतार. सणासुदीला बायको देवळात चल म्हणाली, तर तिला एकटीला पाठवलं. सगळा जोर 'झाला' वाजवण्यावर होता. झाला म्हणजे वादनाचा शेवटचा भाग, त्यात उजव्या हाताच्या बोटात नखी घालून तारेवर विजेसारखे आघात करायचे असतात. तो माझा साफ येत नव्हता, म्हणून तोच घोटत बसायचो.

आधी अंगठ्याच्या मुळाशी नुसती ओढ लागायची. मग तिथं सुई टोचल्यासारखं होऊ लागलं. मग ती कळ मनगटातून कोपरापर्यंत चढली. सकाळी उठल्यावर बोटं आखडलेली असत, अंगरख्याचे बंद बांधताना घाम फुटायचा. मी कुणाला बोललो नाही. पण एकदा पाण्याचा तांब्या हातातून निसटला आणि चुलीपुढं सगळं पाणी झालं.

"कावून लपवताव?" बायको म्हणाली. "हात सुजलाय. मला काय दिसत न्हाई व्हय?"

"कड्याहून आल्यावर बघू."

उस्तादांना मात्र सांगितलं. त्यांनी माझ्या हाताकडं पाहिलंही नाही. "तकलीफ होतीय? होऊ दे. हात तयार होतोय. थांबलास की हात गेला, याद ठेव."

कड्यापर्यंत बैलगाडीत सतार मांडीवर घेऊन बसलो. प्रत्येक खड्ड्याला मनगटात कळ यायची. दिवस कलताना देशमुखांच्या मांडवात बैठक सुरू झाली. सुरुवातीचा आलाप बरा झाला, इतका बरा की मला वाटलं, दुखणं पळालं. तालातली गत धरली, तबलजीनं छान साथ दिली. आणि झाल्याला सुरुवात केली न केली तोच बोट माझं ऐकेना. मी सांगतोय मार, ते नुसतं थरथरतंय. नखी तारेवरून घसरली, करकर आवाज झाला. पुन्हा मारलं, पुन्हा तेच. तबलजी एकटाच थोडा पुढं गेला, माझ्याकडं बघितलं आणि थांबला. मागून कुणीतरी खुसखुसलं.

देशमुख चांगले माणूस. ते म्हणाले, "अरे, पानी द्या रे त्यांना. प्रवासानं थकलेत." मी तांब्या तसाच ठेवून सतार खोळीत घालू लागलो. परतीच्या वाटेवर गाडीत हात धोतराच्या सोग्यात गुंडाळून बसलो होतो, जणू तो कुणाला दिसला तर पुन्हा लाज जाईल.

बीडला पोचलो तो थेट उस्तादांकडं गेलो. त्यांच्यापर्यंत बातमी आधीच पोचली होती.

"रियाज कमी पडला," ते म्हणाले. "उद्यापासून दुप्पट बस."

मी उठलो. अंगण ओलांडताना मागच्या दाराच्या पडद्याआडून आवाज आला. उस्तादांच्या बीबी होत्या त्या. आम्ही त्यांना अम्मा म्हणायचो. आजवर कधी स्वतःहून बोलल्या नव्हत्या.

"बेटा, हिकडं ये. आवाज करू नको. त्यांचं ऐकू नको तू."

मी पडद्याजवळ गेलो.

"त्यांचाबी हात असाच गेलता," त्या म्हणाल्या. "दुखत असताना वाजवत राहिले, लई दिवस. मग एका माणसानं काड्या लावून हात करकचून बांधला. बोटसुद्धा हलवायचं न्हाई म्हणला. बांधला तो बांधलाच. सोडला तवा लाकूड झालतं. आज घासबी मी मोडून देते. तुमाला वाटतं, शान म्हणून वाजवत न्हाईत."

"मग ते मला असं का सांगतात, अम्मा?"

"त्यांना वाटतं, थांबल्यानं गेला. मला वाटतं, आधी ऐकलं न्हाई म्हणून गेला. खरं अल्लाला ठाऊक. तू त्यांच्यासारखं वाजवूबी नको आन् त्यांच्यासारखा बांधूबी नको."

घरी येईपर्यंत डोकं भणभणत होतं. ज्यांच्या शब्दावर मी जीव टाकला होता, त्यांच्या हाताकडं मी कधी नीट बघितलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी हकिमांच्या दवाखान्यात गेलो. त्यांनी मिठाच्या गरम पाण्याचा शेक सांगितला. सुजेवर चोळायचं नाही, सूज उतरेपर्यंत सतार नाही, बोरू नाही. पण गरम पाण्यात हात बुडवून मूठ हळूहळू उघडायची-मिटायची, रोज. "हात मेलेला नाही, थकलाय," ते म्हणाले. "थकलेल्या बैलाला मारत नाहीत आणि दावणीला कायमचा बांधूनही ठेवत नाहीत."

कचेरीत पेशकार, म्हणजे माझे वरचे अंमलदार, कुरकुरले. शेवटी म्हणाले, "डाव्या हातानं शिक्के मार."

ते दिवस मला अजून आठवतात ते बेचैनीनं. सतार खोळीत घालून कोपऱ्यात उभी होती. खोली एवढीशी, कुठंही बसलं तरी ती दिसायची. मी बिंदुसरेच्या काठानं वर जायचो, खाली यायचो. बसलो की डाव्या हाताची बोटं मांडीवर सूर दाबू लागायची. "मांडी सोलून निघंल," बायको म्हणायची. ती पाण्याला गेलेली बघून एकदा खोळ काढलीच. थोडंच वाजवलं. बरं वाटलं म्हणून आणखी थोडं, मग झालाही वाजवला. संध्याकाळी हात पुन्हा टम्म. तिनं सूज बघितली आणि शेकायला पाणी ठेवलं.

सूज पुन्हा उतरली तेव्हा हकीम म्हणाले, आता वाजव, पण दुखायच्या आधी थांब. दुखायच्या आधी म्हणजे कधी? वाजवायला बसलं की मला काळवेळ कळत नसे. घरात घड्याळ नव्हतं. बायकोनंच तोड काढली. ती सकाळी भाकरी करायची. म्हणाली, "माज्या दोन भाकरी होस्तवर वाजवा. दुसरी तव्यावरून उतरली की ठेवायची."

आणि ती पक्की होती. सूर नुकता लागतोय, तोच तिचा आवाज, "झाली दुसरी. ठेवा."

"जरा जाड थाप की," मी म्हणायचो.

"जाड कच्ची राहती."

एवढ्याशा वेळात वेगानं वाजवून उपयोग नव्हता, म्हणून सावकाश वाजवू लागलो, आणि सावकाश वाजवताना मला माझाच हात पहिल्यांदा दिसला. अंगठा दांडीवर असा रुतवून धरायचो की नख पांढरं पडायचं. खांदा कानाला लागलेला. नखी इतकी घट्ट की बोटाला वळ. अवघड जागा आली की श्वासही कोंडलेला. मी मोठी नखी करून घेतली. बोरूला चिंधी गुंडाळून तो जाड केला, म्हणजे लिहिताना आवळून धरावा लागत नसे. दोनाच्या तीन भाकऱ्या झाल्या, मग चार. मधे एखाद्या दिवशी कळ यायची, की पुन्हा दोनावर.

अशाच एका सकाळी मी सतार ठेवली आणि दारात सावली पडली. उस्ताद होते. किती वेळ बाहेर उभे होते कोण जाणे.

"थांबलास का?" त्यांनी विचारलं.

मी घाबरत भाकरीचं सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं. ते आत येऊन बसले. माझा उजवा हात आपल्या डाव्या हातात घेतला आणि अंगठ्याच्या मुळाशी हलकेच दाबलं.

"इथं?"

"इथंच, उस्ताद."

"माझंपण इथंच," ते म्हणाले. बायकोनं भाकरी आणि चटणी पुढं ठेवली. त्यांनी डाव्या हातानं एक तुकडा मोडायचा प्रयत्न केला, जमला नाही. मी मोडून दिला. त्यांनी घेतला.

त्यांनी माझ्याशी किंवा कुणाशीही त्यावर कधी चर्चा केली नाही. पण त्यानंतर एखाद्या शिष्याचा खांदा वर चढला की ते बोल म्हणायचे थांबत. "ठेव. पाणी पिऊन ये," म्हणत. जुने शिष्य आपसांत म्हणायचे, उस्ताद नरम पडले.

माझा झाला मात्र पूर्ण परत आला नाही. कड्याहून पुन्हा बोलावणं आलं नाही, दुसरीकडून दोन-चार आली. तिथं आलाप आणि सावकाश गत वाजवून मी उतरायचो. लोक बसून ऐकायचे. काहींना ते अर्धवट वाटे, मलाही वाटे. समोरचा तबलजी हात शिवशिवत असल्यासारखा माझ्याकडं बघायचा, आता लय वाढवा म्हणून, आणि मला त्याची नजर चुकवावी लागायची. वाढवलं असतं तर कदाचित जमलंही असतं. कदाचित नसतंही. हे कोडं माझ्यापुरतं आजही सुटलेलं नाही.